मुलाला कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच व्हायचंय. कोणाच्या घरात आहे का असं कोणी?

नाशिककर_इंडियानात

नमस्कार मंडळी. इंडियानात येऊन आम्हाला वीस वर्षं झाली. मुलगा इथल्याच एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षीच तो बास्केटबॉल टीमचा स्टुडंट मॅनेजर झाला. आम्हाला वाटलं, मॅनेजर म्हणजे काहीतरी मॅनेज करत असेल. मग हळूहळू कळलं की टॉवेल धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खेळाडू शॉटची प्रॅक्टिस करतात तेव्हा बास्केटखाली उभं राहून चेंडू परत फेकायचे. पगार शून्य. पहाटे साडेपाचला हजर. घरी असताना या मुलाने स्वतःचा डबा कधी धुतला नव्हता.

परवा फोनवर म्हणाला, डिग्री पूर्ण करतो पण इंजिनिअरची नोकरी शोधणार नाही. आधी कुठेतरी ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढचं शिकता शिकता टीमचं काम), मग असिस्टंट कोच. उंची पाच फूट आठ इंच. शाळेच्या टीममध्ये होता, पण बेंचवरच जास्त.

मला विचारायचंय ते असं. जो स्वतः कॉलेजात खेळलाच नाही त्याला कोच म्हणून कोण घेणार? पोटापुरतं मिळतं का? आणि हे असिस्टंट लोक पुढे काय होतात? टीव्हीवर सूट घातलेला मुख्य कोच ओरडताना दिसतो, त्याच्या शेजारी चार-पाच जण वही घेऊन बसलेले असतात, त्यांचं काय होतं ते कधी दिसत नाही. बायकोचा प्रश्न वेगळाच आहे: नाशिकला काय सांगायचं?

खवट_सदाशिव

२०१७ साली एफबीआयने उचलले ते असिस्टंट कोचच होते ना? आधी इंजिनिअरिंग पूर्ण करू द्या. बाकी चालू द्या.

विंचवाचं_बिऱ्हाड

नाशिककर, तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. माझा नवरा सोळा वर्षं हेच करतोय. सहा कॉलेजं, पाच राज्यं. हा आयडी उगाच नाही घेतला.

तुमच्या मिसेसच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मी सोडवलेला आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा कोल्हापूरला आईने विचारलं, जावई काय करतात? मी म्हटलं, असिस्टंट कोच. 'असिस्टंट' ऐकून बाबा गप्प झाले आणि 'कोच' ऐकून आईने विचारलं, रेल्वेत आहेत का? शेवटी 'कॉलेजात शिकवतात' यावर तडजोड झाली. खुशाल वापरा, खोटं नाही.

आता न खेळलेल्या माणसाला कोण घेणार. तुम्ही इंडियानात राहून हे विचारताय! डस्टी मे हे नाव मुलाला विचारा, तो तासभर बोलेल. एका छोट्या कॉलेजात वर्षभर खेळला तेवढाच, मग इंडियाना युनिव्हर्सिटीत तिथले गाजलेले हेड कोच बॉब नाइट यांच्या हाताखाली हाच माणूस स्टुडंट मॅनेजर होता, तुमच्या मुलासारखाच टॉवेलवाला. २००० साली पदवी घेतली. मग सदर्न कॅलिफोर्नियाला व्हिडिओच्या खोलीत, परत इंडियाना, ईस्टर्न मिशिगन, मरे स्टेट, अलाबामात बर्मिंगहॅम, लुइझियाना टेक, फ्लोरिडा. २०१८ मध्ये फ्लोरिडा अटलांटिक नावाच्या कॉलेजाने त्याला हेड कोच केलं. त्यांचं घरचं मैदान जेमतेम तीन हजार लोकांचं. २०२३ मध्ये तीच टीम ३५ मॅच जिंकून फायनल फोरला (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चारांत) गेली आणि शेवटच्या सेकंदाच्या बास्केटने एका पॉइंटने हरली. पुढच्या वर्षी मिशिगनने त्याला उचललं. लोकांना २०२३ आठवतं, मला मात्र मधली अठरा वर्षं दिसतात. त्या प्रत्येक गावात कोणीतरी खोके भरले असतील, सोडले असतील.

नाइटचाच आणखी एक मॅनेजर, लॉरेन्स फ्रँक, थेट एनबीएत न्यू जर्सी नेट्सचा हेड कोच झाला. तेव्हा दार बंद नाही. उलट मॅनेजर पोरं प्रॅक्टिसचा प्रत्येक मिनिट बघतात, व्हिडिओ कापतात, कोचमंडळींच्या शिव्या ऐकतात. खेळाडूला फक्त आपली जागा माहीत असते.

काम काय असतं ते सांगते, कारण मलाही लग्नाआधी वाटायचं की शिट्टी वाजवणे.

निम्मं काम म्हणजे माणसं गोळा करणे, रिक्रूटिंग. एखाद्या सतरा वर्षांच्या पोराच्या आजीला गुडघ्याचा त्रास कधीपासून आहे हे माझ्या नवऱ्याला तोंडपाठ. माझ्या आईचा वाढदिवस दर वर्षी मी सांगते. जुलैत तो घरी नसतोच. साउथ कॅरोलायनात नॉर्थ ऑगस्टा म्हणून गाव आहे, तिथे पीच जॅम नावाची शाळकरी मुलांची मोठी स्पर्धा होते. देशभरचे कोच आपापल्या कॉलेजचं बोधचिन्ह छातीवर मिरवत मैदानाच्या कडेला ओळीने बसलेले. मुलाशी तेव्हा बोलायचं नाही असा नियम आहे. मग बसायचं कशाला? तर आपण आलोय हे त्या पोराला दिसावं म्हणून! वधूवर मेळाव्यात तरी बोलायला देतात.

पूर्वी एकदा मुलगा आणला की सहसा चार वर्षं तो तुमचा. २०२१ मध्ये कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट उठली, आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून पैसे कमावता यायला लागले. २०२५ पासून कॉलेजं थेट त्यांना पैसे देऊ शकतात. त्यामुळे आता दर वसंतात अर्धी टीम नव्याने जमवायची. एप्रिलमध्ये आमच्या घरी रात्री दीड वाजता फोन वाजतो आणि मी दचकत नाही. नवऱ्याने दोन वर्षं मागे लागून आणलेला एक पॉइंट गार्ड आता नवऱ्यापेक्षा जास्त कमावतो. नवऱ्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

दुसरं काम स्काउट. समोरच्या टीमची कुंडली मांडणे. हंगामातल्या टीम असिस्टंट लोक आपसात वाटून घेतात. ज्याच्या वाट्याला जी टीम, तिच्या शेवटच्या चार-पाच मॅच तो पुनःपुन्हा बघतो. कोणता गार्ड डावीकडेच घुसतो, कोणता उंच गडी कुठल्या खांद्यावरून वळतो, कोच तीन बोटं वर करतो तेव्हा कोणता डाव येतो. हे सगळं दोन पानांत बसवायचं, कारण तिसरं पान पोरं वाचत नाहीत. मॅचमध्ये समोरून डावाचं नाव ओरडलं की बेंचवरून हा आपल्या पोरांना ओरडून सांगतो, काय येतंय ते. तेवढे दोन सेकंद म्हणजे त्याच्या आठवडाभराच्या जागरणाचं चीज. हरलो तर हेड कोच विचारतो, "हा स्काउट कोणाचा होता?" जिंकलो तर कोणी विचारत नाही.

उरलेलं काम म्हणजे पोरं सांभाळणे. क्लासला गेला का, नापास होत नाही ना, मैत्रिणीशी भांडून गाडीत झोपलाय का. याबद्दल मी लिहीत नाही, ती त्या मुलांची खाजगी गोष्ट आहे. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर वरणभात खाऊन गेलेली सहा-साडेसहा फुटी पोरं मी मोजायची सोडून दिली आहेत. एकाला लिंबाचं लोणचं इतकं आवडलं की आईने कोल्हापूरहून त्याच्यासाठी वेगळी बरणी पाठवली.

आता कडू भाग. हेड कोच गेला की सगळे जातात. यात तुमचं काम चांगलं की वाईट हा प्रश्नच येत नाही. नवा हेड कोच म्हणजे नवा मंत्री, येताना आपला पीए, आपला ड्रायव्हर घेऊनच येतो. आमच्या चौथ्या गावात (कॉलेजचं नाव घेत नाही) मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या (म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांच्या) स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. तिसऱ्या दिवशी नवरा दोन राज्यं पलीकडे एका मुलाच्या शाळेच्या जिममध्ये बसला होता. हेड कोचला काढल्याचं त्याला फोनवरच्या बातमीतून कळलं. ज्याला तो भेटायला गेला होता, त्या मुलाच्या वडिलांनाही त्याच मिनिटाला कळलं, तेही शेजारीच बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नवरा उठून, हात मिळवून निघाला. सात तास गाडी चालवत घरी आला. गाडीसुद्धा आमची नव्हती, गावातल्या डीलरने कोचमंडळींना वापरायला दिलेली. ती पुढच्या आठवड्यात परत गेली.

तेव्हा आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. तिने मागच्या अंगणात मेथी पेरली होती. मेथी उगवली तेव्हा आम्ही घर विकायला काढलं होतं. घर बघायला आलेल्या बाईने विचारलं, हे गवत आहे का? आईला इंग्रजी येत नाही, पण 'ग्रास' तिला कळलं.

माझी फार्मसिस्टची नोकरी आहे म्हणून आम्ही तरलो. त्यातही प्रत्येक नव्या राज्यात लायसन्स काढताना तिथल्या औषध कायद्याचा वेगळा अभ्यास आणि पेपर. मी आता पाच राज्यांच्या कायद्यांत पास आहे, नवरा एकाही कॉन्फरन्समध्ये पहिला आलेला नाही. (हे त्याला वाचून दाखवलं. हसला.)

पैशांचं पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, दुकान उघडायची वेळ झाली.

चॅपलहिलचा_चहा

बिऱ्हाडताई, मेथी वाचून काय बोलावं सुचेना.

मी नॉर्थ कॅरोलायनात असतो, फक्त प्रेक्षक आहे, तेव्हा घरचं नाही, ऐकीव-वाचीव सांगतो. आमच्या गावचे रॉय विल्यम्स. १९७८ मध्ये हायस्कूलची पक्की नोकरी सोडून ते इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचे हेड कोच डीन स्मिथ यांच्या हाताखाली अर्धवेळ असिस्टंट झाले. पगार वर्षाला २,७०० डॉलर. आठवड्याला नाही हो, वर्षाला. घरी बायको आणि तान्हं मूल. मग हे गृहस्थ टीमची कॅलेंडरं गाडीत भरून राज्यभर विकत हिंडायचे. हेड कोचच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेपा दूरच्या स्टेशनवर पोचवायचं कामही करत. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, कॉलेजात हेड कोचगिरीचा एका दिवसाचाही अनुभव नसताना कॅन्ससने त्यांना घेतलं. कॅन्सस म्हणजे साधी जागा नाही. ज्या जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये हा खेळ काढला, तोच तिथला पहिला कोच. पुढे विल्यम्स इथे परत आले आणि २००५, २००९, २०१७ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली.

पण मला जास्त आवडतात बिल गथ्रिज. तीस वर्षं स्मिथच्या शेजारच्या खुर्चीत. मधे बाहेर हेड कोच व्हायच्या संधी आल्या, गेले नाहीत. १९९७ च्या ऑक्टोबरात स्मिथनी अचानक निवृत्ती घेतली, प्रॅक्टिस सुरू व्हायला काही दिवस उरलेले असताना. गथ्रिज साठाव्या वर्षी हेड कोच झाले. पहिल्याच हंगामात ३४ विजय. तीन वर्षांत दोनदा फायनल फोर. आणि मग सरळ घरी. आमच्याकडचे जुने लोक म्हणतात, त्या ऑक्टोबरच्या तारखेतच सगळं होतं: इतक्या उशिरा बाहेरचा माणूस आणताच येऊ नये आणि शेजारच्याला खुर्ची मिळावी. खरंखोटं स्मिथ जाणोत. पण तीस वर्षांच्या सोबतीला निवृत्तीची वेळ साधून कोणी असं काही देत असेल तर मला ते पटतं.

विंचवाचं_बिऱ्हाड

चहावाले, गथ्रिज आमच्या घरात देवासारखे आहेत. मुलींच्या खेळातल्या क्रिस डेलीही. १९८५ मध्ये हेड कोच जीनो ऑरिएमाबरोबर कनेटिकट युनिव्हर्सिटीला आल्या, अजून त्याच बेंचवर. बारा राष्ट्रीय विजेतेपदं झाली. नवरा म्हणतो असिस्टंट दोन जातींचे. एकाची नजर पहिल्या खुर्चीवर असते, दुसऱ्याचं दुसऱ्या खुर्चीत भागतं. पहिल्या जातीचा असून दुसऱ्या जातीचं आयुष्य वाट्याला आलं की माणूस चिडका होतो. आपण कोणत्या जातीचे हे तो मला सांगत नाही. मी ओळखते.

पैसे. आमचेच आकडे देते, सरासरी वगैरे मला माहीत नाही. ग्रॅज्युएट असिस्टंट असताना फी माफ, महिन्याला भाड्यापुरतं हातात. नंतर डिव्हिजन टूच्या, म्हणजे दुसऱ्या फळीतल्या, कॉलेजात वर्षाला २२ हजार डॉलर, त्यात टीमची व्हॅन चालवणे आणि जर्सी धुणे आलं. म्हणजे तुमच्या मुलाचं टॉवेलचं शिक्षण वाया जात नाही. डिव्हिजन वनच्या छोट्या कॉलेजात पहिला पगार ४८ हजार. आता बरं आहे, कुरकुर नाही. मोठ्या कॉन्फरन्सच्या असिस्टंटना काही लाख डॉलर मिळतात, पण डिव्हिजन वनमध्येच साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत आणि तसली मोठी मोजकीच.

एक जुनी गोष्ट मुलाला नक्की सांगा. १९९२ पासून एनसीएएने (कॉलेजांचे खेळ चालवणारी देशव्यापी संस्था) नियम केला होता की प्रत्येक टीममधल्या एका असिस्टंटला वर्षाला १६ हजारांच्या वर द्यायचंच नाही. १२ हजार शैक्षणिक वर्षाचे, ४ हजार उन्हाळ्याचे. नाव काय, तर 'मर्यादित उत्पन्न कोच'! नवऱ्याचे पहिले गुरू त्याच खुर्चीत बसायचे, रात्री ते आणखी काय काय करायचे ते ऐकवत नाही. या कोचमंडळींनी खटला भरला. पहिल्या वादीचं आडनावच लॉ, त्यामुळे खटल्याचं नाव 'लॉ विरुद्ध एनसीएए'. १९९५ मध्ये कॅन्ससच्या कोर्टाने सांगितलं की मालकांनी एकत्र येऊन पगार बांधणं बेकायदा आहे. १९९८ मध्ये अपिलातही तेच. शेवटी १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर मोजून मिटवलं. खेळाडूंच्या पैशांवरून आज जे खटले चालतात, त्याच्या कितीतरी आधी या वहीवाल्यांनी एक जिंकून दाखवला होता.

सदाशिवराव, तुमचं उत्तर राहिलं. २०१७ च्या सप्टेंबरात चार असिस्टंटना अटक झाली, खरं आहे. खेळाडूंना अमुक एजंटाकडे वळवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. खाल्ले ते खाल्ले, मी बाजू घेत नाही. फक्त हे बघा की त्यांच्या हेड कोचांपैकी एकावरही फौजदारी आरोप आला नाही. घरोघर जाणं असिस्टंटचं, मैत्री असिस्टंटची, मग चिखलही त्याच्याच बुटाला. त्या आठवड्यात आमच्या घरी कोणी नीट जेवलं नाही. नवऱ्याने काही केलं होतं म्हणून नव्हे. त्यातल्या एकाबरोबर जुलै महिन्यात तो वर्षानुवर्षं शेजारी बसला होता.

बरी बातमीही आहे. २०२३ च्या जुलैपासून प्रत्येक टीमला आणखी दोन असिस्टंट ठेवता येतात. तेव्हाच्या नियमात ते बाहेर रिक्रूटिंगला जाऊ शकत नव्हते, पण प्रॅक्टिसमध्ये शिकवू शकत होते. त्याआधी व्हिडिओवाल्या पोराला चूक दिसली तरी मैदानावर खेळाडूला ती सांगायची परवानगी नव्हती. तोंड शिवलेलं. आमच्याकडचा व्हिडिओवाला पहिल्या दिवशी शिकवायला उभा राहिला आणि इतकं बोलला की घसा बसला. तुमच्या मुलाला मधली एक पायरी वाढवून मिळाली आहे.

नोकऱ्या मिळतात कशा हेही सांगून ठेवते. जाहिरात बघून अर्ज करून मिळाली असं मी तरी बघितलेलं नाही. फायनल फोरच्या वेळी त्याच गावात कोच लोकांचं अधिवेशन असतं. ज्यांची नोकरी गेली ते सगळे इस्त्रीचे कपडे घालून हॉटेलच्या लॉबीत उभे असतात आणि सहज भेटल्यासारखं करतात. नवरा दोनदा उभा राहिलाय. दुसऱ्यांदा त्याला पाचवी नोकरी लागली ती एका माणसाने त्याचा बारा वर्षांपूर्वीचा स्काउट जपून ठेवला होता म्हणून. दोन पानं.

नाशिककर_इंडियानात

बिऱ्हाडताई, चहावाले, मनापासून आभार. सदाशिवराव, तुमचेही, इंजिनिअरिंग पूर्ण करणारच आहे.

मुलगा वीकेंडला घरी आला होता. हा सगळा धागा मी त्याला वाचून दाखवला, त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकून कळतं. मेथीपाशी आम्ही दोघंही थांबलो. 'लॉ विरुद्ध एनसीएए' त्याला माहीत होतं! तीन वर्षांत मला त्याने कधी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

मग म्हटलं, तू तिथे करतोस काय ते दाखव. त्याने लॅपटॉप टीव्हीला लावला आणि एका मॅचचा नऊ सेकंदांचा तुकडा लावला. म्हणाला, बाबा, चेंडूकडे बघू नका, बारा नंबरकडे बघा. बघितलं, काही दिसलं नाही. परत लावला. नाही दिसलं. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "तो पास द्यायच्या आधी खाली बघतो." पोरगा तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, हे शोधायला त्याला तीन मॅच लागल्या होत्या.

आता दोघं मिळून बघतायत. मला चहा करायला सांगितलाय.

विंचवाचं_बिऱ्हाड

बायकोला नमस्कार सांगा. नवऱ्याला ही पोस्ट भाषांतर करून सांगितली. तो विचारतोय, हा बारा नंबर कुठल्या टीमचा?

नाशिककर_इंडियानात

मुलगा म्हणतो, सांगू नका.